शेवटच्या खिळ्यावरचा बिल्ला

रविवारी सकाळी दवाखान्याच्या व्यवस्थापकाचा फोन आला तेव्हा धम्मरत्न दाढी करत होता. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून त्यानं सगळं ऐकून घेतलं. "हो साहेब. चूक झाली साहेब. आत्ताच माणूस पाठवतो," एवढंच तो मधूनमधून म्हणत होता. फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"काल दवाखान्यात खालच्या मजल्यावरच्या संडासाले कोनाचा नंबर होता?"

त्याची बायको मंजुश्री गॅसवर चहा ठेवत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"मामाजीचा," ती म्हणाली.

धम्मरत्न परत आरशासमोर गेला. उरलेला गाल त्यानं सावकाश साफ केला. मामाजी म्हणजे त्याचे वडील, सहदेव. त्यांना जाऊन चौथं वर्ष लागलं होतं.

दुपारी सगळे गोदामात जमले. हे गोदाम खामगावच्या जुन्या जिनामागच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यामागच्या बोळीत आहे. पूर्वी त्यात सरकीची पोती असत. आता फिनेलचे कॅन, पोछे, बादल्या आणि फरशी घासायची दोन यंत्रं असतात. पण ऊन तापलं की भिंतीतून अजून सरकीचा वास येतो. दारासमोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या खाली सागवानी फळी. फळीवर खिळ्यांची ओळ, प्रत्येक खिळ्याखाली रंगानं लिहिलेलं एकेक काम: बँकेची फरशी, दवाखान्याचे जिने, क्लासच्या इमारतीच्या काचा. ओळीच्या शेवटच्या खिळ्यांखाली लिहिलं होतं, संडास. प्रत्येक खिळ्यावर पत्र्याचा गोल बिल्ला, बिल्ल्यावर एकेकाचं नाव. रोज संध्याकाळी धम्मरत्नची आई चांगुणाबाई सगळे बिल्ले एक खिळा पुढं सरकवत. सरकत सरकत प्रत्येक जण शेवटच्या खिळ्यांवर यायचाच.

बिल्ल्यांची ही रीत सहदेवनी जिनातून आणली होती. तिथं मजुराला पत्र्याचा नंबर मिळत असे. गाठी बांधणारे, रेच्याच्या यंत्रात कापूस घालणारे, सरकी भरणारे, सगळ्यांचे बिल्ले इकडून तिकडे व्हायचे. पण सहदेवच्या वडिलांचा, मोतीरामचा बिल्ला एकाच जागी टांगलेला असायचा. संडासावर. मोतीराम म्हातारे झाले, वाकले, तरी तो हलला नाही. सहदेवनी स्वतःचं सफाईचं काम सुरू केलं तेव्हा पहिल्यांदा फळी बनवून घेतली, मग झाडू. बिल्ल्यावर नंबर नको, नाव हवं, हे चांगुणाबाईंनी सांगितलं होतं. लोहारानं खिळ्यानं ठोकून ठोकून काढलेली ती अक्षरं अजून बोटाला लागतात.

फळीवर घरच्यांचेही बिल्ले होते. चांगुणाबाईंचा, धम्मरत्नचा, मंजुश्रीचा. आणि सहदेवचा. ते गेल्यावर तो काढायचं कुणी बोललंच नाही. त्यांची पाळी आली की सकाळी चांगुणाबाई विचारायच्या, "आज त्याईचा नंबर हाय, कोन जाते?" आणि घरातलं कुणीतरी उठायचं.

छाया मोताळ्याहून एसटीनं आली. आल्या आल्या पिशवीतून मेथीच्या जुड्या काढून तिनं भावजयीपुढं ठेवल्या.

"घे वहिनी. अन् दादाचं तोंड काऊन उतरलं?"

"दवाखान्यातून फोन होता. काल खालचे संडास राहिले."

"राहिले म्हंजे?"

"म्हंजे कोनी गेलंच नाही," धम्मरत्न म्हणाला. "मेल्या मानसाले कामावर पाठवलं त्या अकोल्याच्या सॉफ्टवेअरनं."

चांगुणाबाई कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी वर पाहिलं नाही.

दवाखाना नव्या मालकांनी घेतला होता. पुढल्या महिन्यापासून कोण, कुठं, किती वाजता कामावर आहे हे मोबाईलवर दिसलं पाहिजे, असं त्यांनी बजावलं होतं. नाही तर दुसरी एजन्सी पाहणार. म्हणून दोन सॉफ्टवेअर चाचणीला घेतली होती. एक पुण्याच्या कंपनीचं, एक अकोल्याच्या दोन मुलांनी बनवलेलं. दवाखान्याला दोन्ही चालणार होती. त्यातलं कोणतं ठेवायचं ते आज ठरवायचं होतं. कालची चूक अकोल्याच्या सॉफ्टवेअरवर झाली होती.

"त्याची चूक नाही," मंजुश्री म्हणाली. "नावं मी टाकली. फळीवरून पाहून."

"अन् बाबाचं बी टाकलं?" छायानं विचारलं.

"टाकलं."

फळीसमोर उभं राहून एकेक नाव टाकताना मंजुश्री सहदेवच्या बिल्ल्यापाशी आली होती, आणि तो गाळून पुढच्या बिल्ल्याकडे जायला बोट तयार झालं नव्हतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा एम.कॉम. झालेली सून पाहून सहदेवनी विचारलं होतं, तुहा बिल्ला करू ना, का नको? जबरदस्ती नाही. तिनं हो म्हटलं. पहिल्या दिवशी ब्रश कसा धरायचा, नाकानं नाही तोंडानं श्वास कसा घ्यायचा, ते त्यांनीच शिकवलं होतं. त्या माणसाचं नाव ती कशी गाळणार होती? तिनं नाव टाकलं आणि पुढं त्यांचाच जुना फोन नंबर टाकला.

"मले वाटलं, मेसेज आत्याबाईले दिसन. मामाजीचा फोन त्याईच्याजवळच असते. त्या सांगतीन कोन जायचं ते. नेहमीसारखं."

सगळ्यांनी बाकाकडे पाहिलं.

"माय, मेसेज आला होता का?" धम्मरत्ननं विचारलं.

"आला होता."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

चांगुणाबाईंनी पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली आणि सोडली.

धम्मरत्न उठून फळीकडे पाठ करून उभा राहिला. "पाहा. यात कोनाले बोल लावायचा नाही. पन हे आता हातानं होत नाही. पुण्याचं घेऊ. पक्कं हाय, अटकत नाही. त्यात सरळ दोन भाग हायेत. मालक वेगळे, कामगार वेगळे. मालकानं काम लावायचं, कामगारानं करायचं. असे घोटाळे होतच नाहीत."

"मंग मालकाले ड्युटी कशी लावायची?" मंजुश्रीनं विचारलं.

"लागत नाही. तशी सोयच नाही त्यात."

हे त्यानं अगदी सहज सांगितलं. पण मंजुश्रीनं मान वर केली. पंधरा दिवस ती नवऱ्याच्या बाजूनं पुण्याचीच वकिली करत होती. नकाशावर माणूस दिसतो, फोटोची हजेरी आहे, हे तिनंच सासूला समजावलं होतं. नवऱ्याला त्यातलं नेमकं काय आवडलं ते तिला आता कळलं.

"म्हंजे आपले तिघाचे बिल्ले गेले," ती म्हणाली.

"मी कुठं म्हंतो काढा म्हणून? त्यात बसत नाहीत, त्याले मी काय करू?"

दाराशी रेणुका उभी होती. दवाखान्याची मुकादम, सकाळपासून खालचा मजला घासून, व्यवस्थापकाच्या शिव्या खाऊन ती आत्ताच परतली होती. पदरानं मान पुसत ती आत आली आणि उलटी बादली ओढून तिच्यावर बसली.

"भाऊ, तुमचं नाव त्यात बसत नसन त माहं बी बसवू नका."

"तुहं काय आता, रेणुका?"

"माहं काहीच नाही. फरशी करीन, जिने करीन, काचा बी पुसून देईन. संडास नाही."

"आजवर केले ना?"

"केले. कोनामुळं केले?" तिनं फळीकडे हात केला. "मी सुलतानपूरची पाटलाची पोरगी. नवरा गेला, पोटासाठी इथं आली. पहिल्या रोजी सांगतलं, हे काम आमच्यात करत नाहीत. तुमचे बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याईचा नंबर होता. पँट गुडघ्यावर घेतली अन् मालक खाली बसून घासून राह्यला. मी दारात उभी. मले म्हंते, बाई, पानी टाक. टाकलं पानी. तवापासून करून राह्यले. मी काही थोर बाई नाही भाऊ. तुमी करता म्हणून करते. तुमी सोडलं का मी सोडलं. मंग बाकीच्या बी सोडतीन. शेवटाले राहीन कोन, ते तुमाले मी सांगू का?"

शेवटी कोण उरेल ते त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं. मोतीरामचा बिल्ला ज्या कारणानं हलला नाही, त्याच कारणानं काही बायकांचे बिल्ले पुन्हा एका खिळ्यावर गंजले असते.

"लय बोलते ही," धम्मरत्न म्हणाला. पण त्याच्या आवाजात राग नव्हता.

"बादलीवर बसली ना, म्हणून. खुर्ची देली असती त कमी बोलली असती."

छाया हसली. मग गंभीर झाली. "दादा, खरं सांग. सॉफ्टवेअर राहू दे बाजूले. तुले फळीवरून उतरायचं हाय का?"

तो दाराबाहेर पाहू लागला. बाहेरच्या पायरीवर त्याची मुलगी डिंपल मोबाईल घेऊन बसली होती. आत येऊन लॅपटॉपवर नावं भरून दे म्हणून तिला आणलं होतं, पण ती बाहेरच थांबली होती.

"डिंपल क्लासले जात नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "दिवाळी झाल्यापासून. बारावीचं वर्ष हाय. त्या इमारतीत माहा नंबर होता. उशीर झाला मले, अन् पोट्टे-पोट्ट्या वरून उतरले. मी पॅसेजमध्ये, हातात ब्रश, पायाशी बादली. पोट्टी समोर. संग मैत्रिनी. दुसऱ्या दिवसापासून तिनं जानंच सोडलं. बाबाले आजाचं काम पाहून लाज नाही वाटली, मले बाबाचं पाहून नाही वाटली. पन तिले वाटते त मी काय करू, छाया? तिनं माह्यासाठी शिकनं सोडायचं का? बाबाचा बिल्ला आपल्या हातानं काढायची माही हिंमत नाही. माहा बी नाही. सॉफ्टवेअरनं काढला असता त..."



आईच्या बाजूनं, सगळे बिल्ले फळीवर राहावेत असंच बोलायचं, हे छाया घरातून निघतानाच ठरवून आली होती. एसटीत बसल्या बसल्या तिनं वाक्यंही जुळवली होती. आता ती उठून फळीपाशी गेली. वडिलांच्या बिल्ल्याला तिनं बोट लावलं. इतर बिल्ले काळे पडले होते. हा एक घासलेला, चकचकीत. आई दर आठवड्याला चिंचेनं तो घासते हे तिला माहीत होतं.

"माय," ती म्हणाली, "राग मानू नको. बाबाच्या लहानपनी आजाच्या नावावर संडास होता. मंग बाबानं जन्मभर केला. केला त केला, मानानं केला. पन आता ते गेले. मेल्यावर बी त्याईच्या नावावर तेच काऊन ठेवलं आपन?"

चांगुणाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"त्याईची आठवन म्हणून," त्या म्हणाल्या.

"आठवन चांगलीच हाय. पन पाय ना, आजाचा बिल्ला हलला नाही, तसा याचा बी उतरत नाही."

ही गोष्ट चांगुणाबाईंच्या मनात कधी आली नव्हती. बिल्ला काढला तर माणूस दुसऱ्यांदा जाईल, एवढंच त्यांना वाटत असे. त्यांना सहदेवचे शेवटचे दिवस आठवले. दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या ते विचारायचे, आज माहा नंबर हाय ना? कोन गेलं? त्या सांगायच्या, गेलं कोनीतरी, तुमी पडून राहा. ते डोळे मिटायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायचे. त्या विचारण्याला त्या इतकी वर्षं कामाची ओढ समजत आल्या होत्या. कुणास ठाऊक, त्यांना फक्त सुटी हवी असेल. कुणीतरी सांगायला हवं असेल, आता नाही तुमचा नंबर.

त्यांनी पिशवीतून फोन काढला. सहदेवचा जुना फोन, काचेला तडा गेलेला. त्या रोज तो चार्ज करत.

"मंजू, हे वाच."

मंजुश्रीनं वाचलं. आधी मनात, मग सासूनं मान हलवली म्हणून मोठ्यानं. "सहदेवजी, उद्या तुमचं काम: दवाखाना, तळमजला, संडास. स्वीकारा किंवा नाकारा." त्याखाली दुसरा. "सहदेवजी, तुम्ही अजून पोचला नाहीत." त्याखाली तिसरा. "सहदेवजी, आज तुमची गैरहजेरी लागली आहे. कारण कळवा."

"मले वाचता आला," चांगुणाबाई म्हणाल्या. "हळूहळू वाचला, पन वाचला. मी सांगनारच होती. पन लय दिवसानं त्याईले कोनी कामाले बोलावलं होतं. नावानं. जी लावून. मी म्हटलं, राहू द्या थोडा वेळ. घडीभर पाहत बसली. मंग पुढचा आला, ते अजून पोचले नाहीत म्हणे." त्या थांबल्या. "मले वाटलं, येतीन."

रेणुकानं तोंडाला पदर लावला. धम्मरत्न आईजवळ जाऊन बाकावर बसला, पण त्याला तिच्या खांद्यावर हात ठेवता आला नाही.

चांगुणाबाई उठल्या. फळीपाशी जायला त्यांना कुणी हात दिला नाही. तसा हात त्यांना चालत नसे. त्यांनी सहदेवचा बिल्ला खिळ्यावरून काढला. जागेवर सागवानाचा कोवळा रंग गोल उघडा पडला. बिल्ला त्यांनी पदराच्या टोकाला बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"त्याईचा उतरवला," त्या म्हणाल्या. "छाया बरोबर बोलली. पन माहा राहू द्या. मी अजून जित्ती हाय. होईन तेवढं करीन, बादली रेणुका उचलन."

"उचलतेच ना," रेणुका म्हणाली.

"अन् मंजूचं मंजूनं सांगावं."

"माहा राहीन," मंजुश्री म्हणाली. ती नवऱ्याकडे न पाहता बोलली. "अकोल्याचंच घेऊ. त्यात सगळे एकाच यादीत हायेत. अटकते म्हणता त फोन करून दुरुस्त करून घेऊ. त्या पोराईले मी बोलते."

"अन् धम्मा," चांगुणाबाई म्हणाल्या, "तुह्यावर जबरी नाही. तुह्या बापानं कोनावर केली नाही. पोरीसाठी उतरत असशील त उतर. पन मोबाईलले उतरवायले सांगू नको. आपल्या हातानं काढ."

धम्मरत्न फळीसमोर येऊन उभा राहिला. त्याचा बिल्ला सहदेवच्या मागच्याच खिळ्यावर होता. हात वर जाऊन तिथंच थांबला.

"पप्पा."

डिंपल दारात होती. सगळं ऐकत होती हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"माह्यावर नका टाकू," ती म्हणाली. "मले तुमच्या कामाची लाज नाही वाटली."

"मंग क्लास काऊन सोडला?"

"तुमी तोंड फिरवलं त्या दिवशी. मले पाह्यलं अन् भिंतीकडं तोंड केलं. जसं का मी कोनी नाहीच तुमची. त्या पोरी म्हनल्या, बाजूनं चल, पानी हाय. अन् मी बाजूनं गेले. मी बी नाही आवाज दिला. आता त्या पॅसेजमधून जायले पायच उचलत नाही."

धम्मरत्नच्या डोळ्यांसमोर ती भिंत आली. हिरवट रंगाची, कमरेपर्यंत टाइल. आपण तिच्या भल्यासाठीच तोंड फिरवलं, मुलीचं नाव आपल्याबरोबर जोडलं जाऊ नये म्हणून, असंच तो आजवर समजत होता. वरून मुलींच्या चपलांचा आवाज आला होता आणि मग थांबला होता. तो थांबला तेव्हा मागं वळायला हवं होतं.

त्याचा हात खाली आला. बिल्ला होता तिथंच राहिला.

मग मंजुश्रीनं लॅपटॉप उघडला आणि मुलीला जागा करून दिली. डिंपल बसली. तिनं अकोल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सहदेवच्या नावावर बोट ठेवलं.

"आजी, नाव काढताना कारण विचारते. काम सोडलं, बदली, कामावरून कमी केलं. यातलं कोनतं?"

"यातलं एक बी नाही," छाया म्हणाली.

"इतर म्हणून हाय. त्यात आपलं लिहिता येते."

चांगुणाबाईंनी पदराची गाठ मुठीत धरली. "लिही, काम झालं."

डिंपलनं लिहिलं. नाव गेलं आणि खालची सगळी नावं एक जागा वर सरकली. ती एकेक नाव वाचत, फोन नंबर तपासत पुढं गेली. भागवत. भिमाबाई. रेणुका. आजी. आई. मग ती थांबली आणि मागं वळून वडिलांकडे पाहिलं.

"तुमचा नंबर जुनाच हाय का?"

"नाही," धम्मरत्न म्हणाला. "बदलला. घे." आणि त्यानं आकडे एकेक करून सांगितले.

उन्हं कलली तेव्हा रेणुका बादल्या उपड्या घालून निघाली. छाया शेवटच्या एसटीच्या घाईत होती. चांगुणाबाईंनी सवयीनं फळीवरचे बिल्ले एक खिळा पुढं सरकवले. सहदेवच्या रिकाम्या खिळ्यावर धम्मरत्नचा बिल्ला आला. आता सॉफ्टवेअर आहे, तरी कशाला, असं कुणी म्हणालं नाही.

धम्मरत्नच्या खिशात फोन वाजला. त्यानं काढून पाहिला. धम्मरत्नजी, उद्या तुमचं काम: क्लासची इमारत, पहिला मजला, संडास. खाली दोन चौकोन होते. डिंपल त्याच्या खांद्याशी उभी राहून वाचत होती. त्यानं अंगठा ठेवला आणि चौकोन हिरवा झाला.

"उद्या मी क्लासले येईन," ती म्हणाली. "पॅसेजमधून आवाज देईन तुमाले. ओ द्या."